चार तासांचं सेटिंग

किब्लर आणि पुत्र या बिजागऱ्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं बरोबर चारशे अठ्ठ्याण्णव माणसं कामाला होती. कमी नाहीत, जास्त नाहीत. पॅकिंगला एखादी पोरगी घ्यायची झाली, तर रंगखात्यातला कोणी म्हातारा निवृत्त होईपर्यंत तिला ताटकळत ठेवत. पाचशेचा आकडा ओलांडला की कंपनीच्या देखरेख मंडळात तिसरा हिस्सा खुर्च्या कामगारांनी निवडून दिलेल्या माणसांना द्याव्या लागतात, असा आमच्याकडे कायदा आहे. आणि थोरले किब्लर म्हणायचे, "माझ्या टेबलाशी कोण बसणार ते मी ठरवणार. उद्या त्यांना केकही वाढावा लागेल." थोरले वारले, कारभार लेकीकडे आला, तरी ते चारशे अठ्ठ्याण्णव जागचे हलले नाहीत.

मग हॅम्बुर्गहून नवा व्यवस्थापक आला, डॉक्टर व्होस. माणूस हुशार, पण त्याला हे कोणी सांगितलंच नाही. हाउजेनसारख्या श्वाबेनमधल्या डोंगरी गावात जे सगळ्यांना ठाऊक असतं, ते कोणी कोणाला सांगत नाही. ऑर्डरी वाढल्या म्हणून त्याने एका सोमवारी सात माणसं एकदम कामावर घेतली. मंगळवारी सकाळी कामगार समितीची अध्यक्ष रोस्विता आम्फर कायद्याचं पुस्तक काखोटीला मारून त्याच्या दारात उभी होती.

मंडळाच्या सहा खुर्च्या, त्यातल्या दोन कामगारांच्या. एक रोस्विताची, हे ठरलेलंच. दुसरीसाठी निवडणूक आहे असं दिसायला तरी हवं, म्हणून ती प्रेस शॉपमध्ये ओटमार ब्रोडबेककडे आली. ओटमार तिथला सेटर. प्रेसमधली एक डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, उतरवायची, दुसरी चढवायची, पंच जुळवायचा, हे त्याचं तीस वर्षांचं काम.

"ओटमार, नुसती सही कर. यादीत नावं कमी पडताहेत. तुला काळं कुत्रंही मत देणार नाही."

"नक्की ना?"

"आईशप्पथ."

ओटमार निवडून आला, तोही रोस्वितापेक्षा एकतीस मतं जास्त घेऊन. अर्ध्या कारखान्याची धुलाई यंत्रं तो शनिवारी घरी जाऊन दुरुस्त करून द्यायचा आणि दुरुस्ती चालू असताना अखंड बोलायचा, त्यामुळे त्याला ओळखत नाही असं घर गावात नव्हतं. बातमी ऐकून त्याची बायको गुद्रुन, जी कंपनीच्याच कँटीनमध्ये होती, हातातला डाव खाली ठेवून हसत सुटली.

"तू? मंडळाची गुपितं राखणार तू? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझ्या पन्नाशीची पार्टी मला कोणी सांगितली? तूच! तीन आठवडे आधी!"

"तेव्हा कायदा नव्हता," ओटमार म्हणाला. "आता कायदा आहे."

पहिल्या बैठकीला त्याने लग्नातला कोट घातला. मंडळाच्या अध्यक्ष किब्लरबाई, थोरल्यांची लेक, वय बहात्तर, स्वतः केलेला आलुबुखाराचा केक घेऊन आल्या होत्या आणि सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाढत होत्या. ओटमारला त्यांनी जरा मोठाच तुकडा दिला. थोरल्यांची भीती खरी ठरली होती, आणि केक चांगला होता.

केक घशाखाली उतरायच्या आत डॉक्टर व्होसने कागद वाटले. वर लाल शिक्का होता: गोपनीय. आत प्रेस शॉप बंद करण्याचा प्रस्ताव.

"हल्लीच्या ऑर्डरी छोट्या छोट्या असतात," व्होस सांगत होता. "आज हजार बिजागऱ्या या मापाच्या, उद्या हजार त्या मापाच्या. दर वेळी डाय बदलायची, आणि आपल्याकडे एका सेटिंगला चार तास लागतात. चार तास प्रेस उभा! त्यापेक्षा पत्रा बाहेरून कापून आणलेला स्वस्त. प्रेस शॉपमधली अडतीस माणसं... त्यांचं काहीतरी बघता येईल. निर्णय पुढच्या बैठकीत, सहा आठवड्यांनी. तोवर यातला एक शब्दही बाहेर जाता कामा नये. ब्रोडबेक, तुम्हाला मुद्दाम सांगतो."

ओटमारच्या हातातला काटा ताटलीवर वाजला. नोकरी जाणार या धक्क्याइतकाच त्याला दुसऱ्या गोष्टीचा धक्का बसला होता. सेटिंगला चार तास लागत नव्हते. एक तास दहा मिनिटं लागत.

हे प्रेस शॉपच्या बाहेर कोणालाच माहीत नव्हतं, रोस्वितालासुद्धा नाही. नऊ सेटर होते आणि प्रत्येकाच्या बाकाला एक कुलूपबंद खण होता. त्या खणात ज्याने त्याने स्वतः घासून, कापून, वाकवून केलेली हत्यारं होती: मापाचं गेज, पाचर, अटकाव, डाय झटक्यात जागेवर बसवायच्या नाना युक्त्या. साहेब फिरकला की खण बंद, साहेब गेला की खण उघडा. कामाची मजुरी चार तासांच्या सेटिंगच्या हिशेबाने ठरलेली होती आणि उरलेल्या वेळात हवापाण्याच्या नळ्यांमागे एका पेटीवर बिनोकल चालायचा. पत्त्यांच्या त्या डावात सेटर जेव्हदेतला हरवणारा अजून जन्मायचा होता.

आळस म्हणाल तर आळस होता, पण त्याला इतिहास होता. पंचवीस वर्षांपूर्वी रूमेले नावाच्या एका भल्या माणसाने रिव्हेट ठोकायची एक सोपी युक्ती शोधली आणि नाताळच्या जेवणात कौतुकाने थोरल्या किब्लरांना सांगितली. थोरल्यांनी त्याची पाठ थोपटली, वाइनची बाटली दिली आणि जानेवारीत रिव्हेटवाल्यांची मजुरी कापून दोन माणसं घरी पाठवली. त्यातला एक रूमेलेचा सख्खा मेहुणा. रूमेलेची बायको त्याच्याशी अकरा वर्षं बोलली नाही. त्या जानेवारीत प्रेस शॉपने नऊ कुलपं विकत आणली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर आता ओटमारची अवस्था अशी झाली: वरचं गुपित खाली सांगायचं नाही, कारण कायदा. खालचं गुपित वर सांगायचं नाही, कारण रूमेले. ज्या माणसाला एक गुपित पेलत नव्हतं, त्याच्या पदरात दोन पडली होती आणि सांगितल्याशिवाय दोहोंपैकी एकही सुटणार नव्हतं.

पहिले दोन आठवडे त्याने बोलणंच बंद केलं. गुद्रुनने ताप मोजला. शेजारच्या बाईने, आपलं धुलाई यंत्र दुरुस्त करताना ओटमार गप्प होता, हे पाहून त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याला राहवेना. रोज त्याच चेहऱ्यांकडे बघायचं, त्यातला कोणी नव्या स्वयंपाकघराचं सांगतोय, कोणी पोरीच्या लग्नाचं, आणि आपल्या पोटात तो लाल शिक्का. बोलता येत नाही तर निदान काहीतरी चांगलं करावं, असं त्याला वाटलं. मंगळवारी सकाळी तो लोणी लावलेली अडतीस ब्रेत्सलं, म्हणजे गाठ मारलेले खारे पाव, घेऊन आला. बेकरीतून आणली, कँटीनमधून गुद्रुनकडून अर्धा किलो लोणी मागून घेतलं आणि टोपली भरून बाकावर ठेवली.

ही त्याची घोडचूक. श्वाबेनमध्ये माणूस ब्रेत्सलं वाटतो ती स्वतःच्या वाढदिवसाला. वर्षातून एकदा, मोजून. एरवी फुकट ब्रेत्सल म्हणजे घरावर घुबड बसल्यासारखं.

प्रेस एकेक करून थांबले. सगळे टोपलीभोवती जमले. कोणी हात लावेना.

"वाढदिवस मार्चमध्ये असतो ना तुझा?" जेव्हदेतने विचारलं. जेव्हदेतचा बाप इस्तंबूलहून येऊन याच प्रेसवर राबला होता, आणि जेव्हदेतची गावबोली पाद्रीबाबांपेक्षाही ठसकेदार होती.

"हो. मार्चमध्ये."

"मग कोण मेलं?"

"कोणी नाही रे. खा ना."

"मग कोण मरणार आहे?"

ओटमार छताकडे बघू लागला.

"आम्ही का?"

"मी काही बोलू शकत नाही," ओटमार म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

हाउजेनमध्ये याच्याहून सविस्तर निवेदन असू शकत नाही. मग जेव्हदेतने एक ब्रेत्सल उचललं आणि दोन भाग केले.

"ऐका रे. ओटमार काही बोललेला नाही. आपण काही ऐकलेलं नाही. आपण ब्रेत्सल खातोय. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले.

"आता, समजा, एक कारखाना आहे. आपला नाही. शेजारच्या बव्हेरियात आहे समजा."

"बव्हेरियात असेल तर बंदच करा," मागून कोणीतरी म्हणालं.

"गप रे. समजा, तिथल्या साहेबाला वाटतंय की प्रेस शॉप सुस्त आहे. सेटिंगला समजा... चार तास लागतात." त्याने ओटमारकडे पाहिलं. ओटमार पुन्हा छताकडे बघू लागला, पण जरा मान हलवून. "तर त्या बव्हेरियातल्या लोकांनी काय करावं?"

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बव्हेरियाची चर्चा चालली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते तिथे बघावं. लोथार फिश्टर, सगळ्यात जुना सेटर, मूठ आपटून म्हणाला, "खण उघडायचे? रूमेलेला विसरलात? एक तास दहा मिनिटं सांगा, उद्या म्हणतील नऊ सेटर कशाला, चार पुरे! बंद करून मारतील नाहीतर उघडून मारतील!"

"म्हणून आधी कागद," जेव्हदेत म्हणाला. "कोणाला काढणार नाही, मजुरी कापणार नाही, सहीशिक्क्यासह. आधी कागद, मग किल्ली. रूमेलेकडे कागद नव्हता आणि टेबलाशी बसायला माणूस नव्हता. आपल्याकडे आहे." सगळ्यांनी त्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या मिशीला लोणी लागलं होतं.

"मला तुम्ही धुलाई यंत्रासाठी निवडलंत," ओटमार कसनुसा म्हणाला.

"त्याच्यासाठीही," जेव्हदेत म्हणाला.

शेवटी असं ठरलं, की ज्याला मान्य असेल त्याने आपल्या खणाची किल्ली ओटमारच्या डब्यात टाकायची. ओटमारने आपली आधी टाकली. मग सहा पडल्या. लोथारने शिव्या घालत आठवी टाकली. जेव्हदेतची सगळ्यात शेवटी राहिली. तो बराच वेळ ती बोटांत फिरवत बसला. त्याच्या खणात बापाने हाताने घासलेलं गेज होतं. बाप गेला तेव्हा त्याच्या सामानातून जेव्हदेतने तेवढंच मागून घेतलं होतं. अखेर त्याने किल्ली टाकली आणि कामाला गेला.

रोस्विताला ओटमारने तीच बव्हेरियाची गोष्ट सांगितली. ती बाई उडत्या पाखराची पिसं मोजणारी. तिने कराराचा मसुदा त्याच दिवशी टाइप केला आणि ओटमारकडून पंधरा दिवस घोकून घेतलं.

"आधी काय?"

"कागद."

"मग काय?"

"सही."

"सही होईपर्यंत तू काय करायचंस?"

"केक खायचा."

दुसऱ्या बैठकीला सफरचंदाचा केक होता. ओटमार डब्यात नऊ किल्ल्या घेऊन बसला होता आणि तोंडात एकामागून एक घास कोंबत होता. रोस्विता अजून पिशवीतून कागद काढत होती, तेवढ्यात व्होस म्हणाला, "मी घड्याळ देऊन पाठवलेल्या माणसाने तीन दिवस शेजारी उभं राहून मोजलंय. चार तास. यात कोणाचा दोष नाही. माणसं जुनी झाली, हात मंदावले. याहून वेगाने त्यांना जमणारच नाही."

ओटमारला जेव्हदेतचे हात आठवले. घास तोंडात असतानाच तो ओरडला, "एक तास दहा मिनिटं!"

रोस्विताने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणालात?" व्होसने विचारलं.

आता तीर सुटलाच होता. "एक तास दहा मिनिटांत डाय बदलते आमची. घड्याळवाला उभा होता म्हणून चार तास लावले. तो बिचारा थकला नसता तर पाच लावले असते!"

"आणि उरलेले पावणेतीन तास?"

"बिनोकल."

व्होसने पेन उचललं, आणि ओटमारला ज्याची भीती होती तेच तो बोलला. "पण मग हे उत्तमच आहे! शॉप चालू ठेवता येईल. आणि एवढ्या वेळात सेटिंग होत असेल, तर नऊ सेटर लागणार नाहीत. चार पुरतील."

लोथारचाच शब्द, जसाच्या तसा. कागद नाही, सही नाही, आणि आपण सगळं ओकून मोकळे. पाच माणसं आपल्या जिभेने मारली. गुद्रुन बरोबर म्हणत होती. त्याला त्या लग्नाच्या कोटासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ब्रोडबेक," किब्लरबाई इतक्या वेळात पहिल्यांदा बोलल्या. "हे आम्हाला कधी का नाही सांगितलंत?"

ओटमारकडे लपवायला आता काही उरलंच नव्हतं. त्याने रूमेलेची गोष्ट सांगितली. युक्ती, वाइनची बाटली, जानेवारी, मेहुणा, अकरा वर्षांचा अबोला, सगळं.

किब्लरबाईंनी काटा खाली ठेवला. "ही गोष्ट मी ऐकलीय," त्या म्हणाल्या. "बाबा दर नाताळला जेवताना सांगायचे. 'एक बाटली वाइन, आणि दोन माणसांचा पगार वाचला.' आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे." त्या बोटांवर हिशेब करू लागल्या. "पंचवीस वर्षं. दर सेटिंगला पावणेतीन तास. देवा रे. जगात एवढी महाग बाटली कोणी विकत घेतली नसेल."

"पण आता नऊ सेटर..." व्होसने सुरुवात केली.

"व्होस, केक खा. तुम्ही पाच काढलेत, तर उरलेले चार नवे खण करतील. आणि या खेपेला कुलपं अजून भक्कम आणतील." त्यांनी रोस्विताकडे हात पुढे केला. "आम्फर, तुमच्या पिशवीत कागद असेलच. रिकामी पिशवी घेऊन तुम्ही कधी येत नाही."

पाच वर्षं कोणाला काढायचं नाही, मजुरी कापायची नाही, आणि वाचलेल्या वेळातून जो नफा होईल त्यात प्रेस शॉपचा वाटा. व्होसने दोनदा वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि हात वर केला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला कोणी काही सांगत नव्हतं. मग ओटमारने डबा उघडून नऊ किल्ल्या टेबलावर ओतल्या.

गुरुवारी खण उघडले. व्होस बाह्या सरसावून आला होता. नऊ सेटर आपापली हत्यारं एका लांब बाकावर मांडत होते, आणि मांडता मांडता एकमेकांच्या वस्तू उचलून उलटसुलट बघत होते. चौघांनी एकच अटकाव चार वेगवेगळ्या वर्षी स्वतंत्रपणे शोधला होता. लोथारच्या पाचरेची जी खोट त्याला वीस वर्षं छळत होती, तिचा इलाज त्याच्या शेजारच्याच्या खणात पडून होता. साहेबापासून लपवता लपवता त्यांनी एकमेकांपासूनही लपवलं होतं.

"लाज आणली रे," लोथार म्हणाला. "यातच मी म्हातारा झालो."

मग त्यांनी नऊ खणांचा माल एकत्र करून सेटिंग केलं. व्होस घड्याळ धरून होता. अडतीस मिनिटं लागली. त्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं.

किब्लरबाई मात्र जेव्हदेतसमोर उभ्या होत्या. त्याच्या हातात बापाचं गेज होतं, कडा वापरून गुळगुळीत झालेलं.

"कोणी केलं हे?"

"माझ्या वडिलांनी. सत्तावीस वर्षं होते इथे."

"बघू?"

त्याने ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं, अंगठा कडेवरून फिरवला. "माझे बाबा म्हणायचे, त्या माणसाला काम समजत नाही."

"माझ्या वडिलांनी हे दाखवायला हवं होतं," जेव्हदेत म्हणाला.

"नाही," किब्लरबाई म्हणाल्या. "आम्हीच विचारायला हवं होतं."

संध्याकाळी ओटमार घरी गेला आणि सहा आठवड्यांचं साचलेलं सगळं एका दमात गुद्रुनला सांगितलं. ती बटाटे सोलत राहिली.

"तुला आश्चर्य नाही वाटत?"

"अर्धा किलो लोणी मागितलंस तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली. "पण माझ्या तोंडात भिजतात तीळ."

मार्च आला. प्रेस शॉप तिसऱ्या पाळीतही चालू होतं, आणि छोट्या ऑर्डरी तिथे आता रांग लावून येत होत्या. सतरा तारखेला ओटमार अडतीस ब्रेत्सलं घेऊन कामावर गेला. टोपली बाकावर ठेवली मात्र, सगळे प्रेस एका पाठोपाठ एक थांबले. माणसं जमली. कोणी हात लावेना.

"अरे वाढदिवस आहे माझा!"

"ओळखपत्र काढ," जेव्हदेत म्हणाला. त्याने ते हातात घेतलं, तारीख वाचली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिली. "बरोबर आहे रे. आजच जन्मलंय गाढव. खा."

हात टोपलीकडे गेले, तेवढ्यात दार उघडून डॉक्टर व्होस आत आला. बंद पडलेले प्रेस, भोवती जमलेली माणसं आणि मधोमध ब्रेत्सलांची टोपली पाहून त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

"ब्रोडबेक," तो हलक्या आवाजात म्हणाला, "काय झालंय? मला का नाही सांगितलंत?"

"काही नाही हो साहेब, वाढदिवस आहे त्याचा," जेव्हदेतने एक ब्रेत्सल त्याच्यापुढे धरलं.

व्होसने ते घेतलं नाही. "ओळखपत्र पाहिलंत का?" त्याने विचारलं.